दामूकाकाची गंधमुक्ती

माझ्या सख्ख्या काकाला मी माझ्या हातानं अग्नी दिला आणि तेराव्या दिवशी तो जेवायला आला.

भुताखेताची गोष्ट नाही ही. भुतं पंगतीत मांडी घालून दुसऱ्यांदा वरण मागत नाहीत. चूक माझी होती, आणि तीही चारचौघांत, छाती ठोकून केलेली! इतकी वर्षं गप्प बसलो, आता सांगून टाकतो. (ज्यांच्यापुढं लाज वाटावी अशी माणसं आता उरली नाहीत. म्हातारपणाची तेवढी एक सोय आहे.)

आमची खाणावळ होती. बोदवड स्टेशनावर उतरून आमच्या गावाकडं चालायला लागलं, की पाऊण तासात उजव्या हाताला लागायची. दारावर पत्र्याची पाटी, माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, स्वतः रंगवलेली: ‘येथे जेवण्याची, राहण्याची व गायनाची सोय आहे.’ जेवण म्हणजे कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि सणासुदीला खापरावरचे मांडे. राहणं म्हणजे चार खोल्या, त्यातली चौथी गळकी. आणि गायन म्हणजे मी!

हसू नका. दिवेलागणीला ओट्यावर कंदील लागला की मी पेटी पुढं ओढून बसायचो. कापसाचे व्यापारी, बैलबाजाराला निघालेले शेतकरी, मोजणीचे कारकून, जो कोणी उतरला असेल तो समोर बसायचा. कुठं जाणार बिचारा! पेटीच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या, त्या जागी मी तोंडानं सूर भरायचो. माझं पद रंगात आलं की पाहुणे आत डोकावून ‘जेवण झालं का हो?’ असं विचारायचे. त्यांना भूक लागली असेल असं मला वाटायचं. माझ्या मायचं मत वेगळं होतं.

आबांचा एक नेम होता. पाहुण्याच्या पोटात अन्न गेल्याशिवाय त्याला नाव, गाव, काम, काही विचारायचं नाही. त्यानं आपणहून सांगू म्हटलं तरी ऐकून घ्यायचं नाही! “भुकेल्या मान्साची चौकशी करते तो फौजदार,” आबा म्हणायचे. “आपुन खाणावळवाले. आधी ताट, मंग वही.” पाहुणा हात धुऊन सुपारी तोंडात टाकायचा, तेव्हा कुठं वहीत त्याचं नाव चढायचं. वीस वर्षं हा नेम चालला आणि त्यानं कोणाचं वाकडं झालं नाही. झालं ते एकदाच, आणि झालं ते पुरतं वाटोळं झालं.

आता दामूकाका. हा आबांचा धाकटा भाऊ. पेटी वाजवावी तर त्यानंच. मला त्यानं मांडीवर बसवून सारेगम शिकवलं, तेव्हा मी सहा-सात वर्षांचा होतो. मग एकदा तमाशाचा एक फड आमच्याकडं दोन दिवस उतरला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर फडही नाही, दामूकाकाही नाही आणि आमची चांगली पेटीही नाही! (मुक्या पट्ट्यांची तेवढी माझ्या नशिबी आली.) त्यानंतर अठरा वर्षं ना पत्र, ना निरोप.

मागं राहिली भागाकाकी. लग्नाला चार महिने झालेली, सोळा वर्षांची. माहेरचे न्यायला आले तर गेली नाही. चुलीपुढं बसली ती बसलीच. काकीच्या हातचे मांडे म्हणजे काय सांगू! पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत, फिरवत, कोपरापर्यंत ताणायची आणि पालथ्या खापरावर असा टाकायची, की एक घडी पडणार नाही. लग्नघरचे मांडे करायचे ते सवाष्णीनंच. म्हणून वैशाख लागला की पाच-पाच कोसांवरून काकीसाठी गाडी जुंपून यायची. मानानं नेत, ओटी भरून परत आणून सोडत. वर्षाचे अकरा महिने ती ‘नवरा पळालेली’ होती. वैशाखात तेवढी ती भागाबाई असायची. तिच्या कपाळावरच्या रुपयाएवढ्या कुंकवावर तिचं घराबाहेर पडणं, चार बायकांत बसणं, हसणं, सगळं अवलंबून होतं. हे मला माहीत होतं. तरीही मी करायचं तेच केलं.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. चैत्र संपत आलेला. संध्याकाळच्या गाडीनं उतरून एक माणूस दिवेलागणीला आमच्या ओट्यावर आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, काखेत एक गाठोडं.

“माले आबासंगे बोलनं शे,” तो म्हणाला. बोली धुळ्याकडची.

“बोला ना. पन आधी जेवन.”

“जेवनं नही भाऊ. निरोप शे. मोठा निरोप शे.”

“निरोप काय पळून जाते का?” मी हसून म्हणालो. “आमचा नेमच आहे. ताटावरून उठले, की रातभर बोला!”

वैशाख तोंडावर आला म्हणून हात बसवायला काकी आत मांडे करत होती, वेळ लागणार होता. माझ्यातला कलावंत जागा झाला. मी विचारलं, “तवर पेटी वाजवता का? येते का?”

तो पेटीकडं पाहत राहिला. मग खाली बसला, हात धोतराला पुसले, डाव्या हाताच्या तळव्यानं पेटीच्या लाकडावर तीन थापा मारल्या, मान खाली घातली आणि भाता सोडला.

माझ्या अंगावर काटा आला! त्या तीन थापा दामूकाकाच्या होत्या. पद सुरू करण्याआधी काका नेमक्या तशाच मारायचा, त्याच तळव्यानं, त्याच लयीत, आणि मान तशीच खाली घालायचा. त्याच्या मांडीवर बसून मी त्या शंभरदा ऐकल्या होत्या. आणि वाजवणं तर असं, की दोन पट्ट्या मुक्या आहेत हे मी विसरून गेलो. मध्येच तो खोकायचा. कपाळावरून घाम निथळत होता. चैत्राचा उकाडा, मी म्हटलं. दोन पदं झाल्यावर त्यानं नको म्हणून मान हलवली. मी म्हटलं, “एकच! फक्त एकच!” त्यानं आणखी एक वाजवलं.

त्याला ताप होता. हात लावला असता तरी कळलं असतं.

ताट आलं. त्यानं मांड्याचा एक घास घेतला, दुसरा तोडला, “आबा—” म्हणाला आणि डाव्या कुशीवर कलंडला तो गेलाच. नाव विचारायला अजून अख्खा मांडा शिल्लक होता!

सकाळी पोलीस पाटील आले. त्यांना प्रेतापेक्षा कागदाची काळजी जास्त. “नाव काय याचं?” आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं पाहिलं. “गाव?” तेही नाही. “रातभर तुमच्या ओट्यावर मान्सू हे, अन् तुम्हाले नाव मालूम नाही?” आबांनी नेम सांगितला. पाटलांनी कपाळावर हात मारला. गाठोड्यात एक धोतर आणि तंबाखूची पितळी डबी, याशिवाय काही निघालं नाही. “वारस नसला तर बेवारस. पंचनामा करा, बोदवडले न्या, तिथून पुढं कुठं नेतीन देव जाणे.”

तेव्हा मी तोंड उघडलं. “आबा, हा बेवारस नाही. हा दामूकाका आहे.”

आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते खाली बसले आणि प्रेताच्या चेहऱ्यावरून हात फिरवत राहिले. मग हमसून म्हणाले, “कपाळ दामूचंच हे.”

माय दारातून म्हणाली, “दामूभाऊजी गोरे होते.”

“अठरा वर्सं उन्हात फिरला, गोरा कसा राहीन?”

“अन् उंच होते.”

“मेल्यावर मान्सू आखडते!”

“मी तर ऐकलं, मेल्यावर लांबते,” पाटील म्हणाले. (त्यांनी गप्प बसायला हवं होतं.)

“पन हा धुळ्याकडचं बोलू राह्यला होता,” माय काही सोडायला तयार नव्हती.

“अठरा वर्सं तिकडंच राह्यला असीन, मंग काय तुह्यासारखं बोलीन का?” आबा ओरडले. जो जो पुरावा उलटा होता तो आबांनी सुलटा करून घेतला. त्यांना भाऊ हवा होता. मेलेला का होईना, पण हवा होता.

पाटील म्हणाले, “घरधनीण काय म्हणते ते सांगा. तिच्या सांगण्यावर लिहितो.”

काकी भिंतीशी उभी होती, पदर नाकापर्यंत ओढलेला. ती पुढं आली, खाली वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “मी कवा पाह्यलं त्याहिले? चार महिने झाल्ते लगनाले. मान वर केली तर सासूबाई बोलायच्या.” आणि माझ्याकडं वळली. “सुपडू, तू त्याहिच्या मांडीवर बसून पेटी शिकला. तू सांग. तू सांगशीन ते मी धरीन.”

आता इथं कोणीही शहाणा माणूस थांबला असता. काकीच्या कपाळाकडं पाहिलं असतं. निदान ‘वाटतं बुवा’ असं तरी म्हणाला असता! पण मला माझ्या कानाचा गर्व. गावात कोणी माझ्या गाण्याला चांगलं म्हणालं नव्हतं, तेव्हा निदान कान तरी पक्का आहे हे दाखवायची संधी आली होती.

“सोळा आणे दामूकाका,” मी म्हणालो. “त्या तीन थापा दुसऱ्या कोणाच्या असूच शकत नाहीत.”

काकीनं मान डोलावली आणि आत गेली. पाटलांनी नाव लिहिलं.

मुलगा नसल्यामुळं अग्नी मी दिला. न्हाव्यानं माझं डोकं तासलं, मिशी काढली. माझं लग्न जमवायचं चाललं होतं, पुढच्या आठवड्यात मुलीकडचे येणार होते. (ते आले, मला पाहिलं, सरबत पिऊन गेले.) घरात बायका जमल्या आणि काकीच्या बांगड्या फोडल्या. तो आवाज मी ओट्यावर बसून ऐकला. काकी रडली नाही. बायका म्हणाल्या, रड बाई, मोकळी हो. ती म्हणाली, “कसं रडू? काही याद येत नाही.”

त्या वैशाखात पाच घरांनी काकीला मांड्यांसाठी सांगून ठेवलं होतं. पाचही घरांतून निरोप आले. कोणी वाईट बोललं नाही. ‘आता बाईंना त्रास नको,’ एवढंच. पाचवा निरोप आला तेव्हा काकी पुरणाची डाळ निवडत होती. तिनं डाळ परत डब्यात ओतली आणि खापर उचलून माळ्यावर पालथं ठेवलं. मी पाहत होतो, आणि तरीही मनात म्हणत होतो, कान मात्र पक्का आहे माझा.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि मागं सरतोय तोवर कावळा शिवला! भटजी म्हणाले, “असा झटपट शिवलेला मी पाहिला नाही. आत्मा तृप्त आहे.” आबांनी डोळे पुसले. मीही पुसले. तो कावळा आमच्या परसातला होता, रोज सकाळी मी त्याला शिळी भाकरी टाकत असे आणि तो घरापासून माझ्यामागं आला होता, हे फार उशिरा माझ्या लक्षात आलं. मी विटेवर दगड ठेवला असता तरी तो शिवला असता.

तेराव्या दिवशी गंधमुक्ती. सुतक फिटून कपाळाला गंध लागतो तो हा दिवस. अंगणात पंगत बसली. पोलीस पाटील पहिल्या ओळीत. मी टकलावर टोपी घालून वरण वाढत होतो. तेवढ्यात एक उंच, गोरा, वाळलेला माणूस आला, खांद्यावर फडक्यात बांधलेली पेटी. पंगतीच्या टोकाला बसला. मी पत्रावळ मांडली, वाढलं. नाव अर्थातच विचारलं नाही!

त्यानंच विचारलं, “कोणाचं कार्य आहे?”

“माह्या काकाचं.”

“कोणता काका?”

“एकच होता. दामूकाका. फडासंगं पळून गेल्ता.”

त्याचा घास हातातच राहिला. “कवा गेला?”

“तेरा दिवस झाले. आमच्याच ओट्यावर, पेटी वाजवून.”

मग तो भात कालवायला लागला. हळूहळू, एकेक घास, सगळा भात संपवला. “वरण वाढ,” म्हणाला. मी वाढलं. ते पिऊन झाल्यावर माझ्याकडं वर पाहिलं.

“सुपड्या, अरे, मी दामू.”

बादली माझ्या हातून सुटली ती पाटलांच्या मांडीवर!

पुढचं काय सांगू? अर्धी पंगत उठून कुंपणावरून पळाली. उरलेली अर्धी पाहायला थांबली. पाटील वरणानं न्हालेले, उभे राहून ओरडत होते, “मी सही केली हे कागदावर! आता कोणी जिवंत व्हायचं नाही!” आबा काठी टेकत आले, काकाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि याही वेळी म्हणाले, “कपाळ दामूचंच हे.” मग त्यांनी त्याला एक सणसणीत थोबाडीत मारली आणि गळ्यात पडून रडले.

काका बावरून सगळीकडं पाहत होता. “पन गणपत कुठं हे? मी गणपतले धाडलं होतं पुढं. आबा घरात घेतीन का, ते विचाराले. मी भुसावळले त्याची वाट पाहत बसलो. पंधरा दिवस झाले, तो आला नाही, म्हून मीच निंघालो.”

“कोन गणपत?” आबांनी विचारलं.

“धुळ्याकडचा गणपत. माह्या हाताखालीच शिकला तो पेटी. माह्यासारखीच वाजवते, थापा बी माह्यासारख्याच मारते.”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी टोपी काढली. का काढली ते आजही सांगता येणार नाही.

तोवर बायका कुंकवाचा करंडा घेऊन काकीकडं धावल्या. “भागा, नशीबवान बाई! लाव, लवकर लाव!” एकीनं बोट बुडवलंसुद्धा. काकीनं तिचा हात धरला आणि बाजूला केला. ती अंगणात आली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं. अठरा वर्षांत पहिल्यांदा ती नवऱ्याकडं सरळ पाहत होती. आम्हाला वाटलं, ही आता रडेल, शिव्या देईल, पाया पडेल!

ती म्हणाली, “गणपतले बायको हे का?”

“आहे,” काका पुटपुटला. “सोनाबाई. लेकरू नाही.”

“तिले कोनी सांगितलं का?”

कोण सांगणार? तो मेलाय हेच कोणाला ठाऊक नव्हतं. आम्ही तेरा दिवस रडलो, जेवलो, कावळा शिववला, आणि ज्याच्यासाठी केलं त्याच्या घरी त्याची बायको कुंकू लावून वाट पाहत बसली होती.

“मी सांगाले जाते,” काकी म्हणाली. “तिचं तिले कळेपर्यंत मी हे लावणार नाही.”

मी म्हटलं, “काकी, पत्र टाकू. मी लिहितो.”

“तू लिहू नको. तू त्यात बी चूक करशीन.”

दामूकाका पुढं सरला. “मी येतो. माहा मैतर होता तो.”

“तुम्ही बसा,” काकी म्हणाली. “तुम्हाले यायले अठरा वर्सं लागतात.” नवऱ्याला ती त्याच्याबद्दल काही बोललेलं माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. काका ओट्यावर बसला.

दुसऱ्या दिवशी मी आणि काकी निघालो. बोदवडहून जळगाव, चाळीसगावला उतरून धुळ्याची गाडी, पुढं बैलगाडी. सोबत गणपतचं धोतर, पितळी डबी आणि माझं टक्कल. वाटभर मी मनाशी भाषण जुळवत होतो. कसं सुरू करायचं, कुठं थांबायचं, कुठं ‘देवाची इच्छा’ म्हणायचं.

सोनाबाई अंगणात बाजरी पाखडत होती. काळीसावळी, ठसठशीत कुंकू, मनगटं भरून हिरव्या बांगड्या. तिनं माझं तासलेलं डोकं पाहिलं, काकीचं कोरं कपाळ पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि उठून काकीचे हात हातात घेतले.

“कोन गयं वं बहीन तुनं?” ती म्हणाली आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. काकीला बसवलं, तांब्या भरून आणला. ओळखीची ना पाळखीची, आमचंच सांत्वन करायला लागली!

काकीनं माझ्याकडं पाहिलं. माझं भाषण कुठल्या कुठं गेलं. मी गाठोडं सोडून पितळी डबी पुढं ठेवली.

सोनाबाईनं डबी उचलली, उघडली, वास घेतला. मग बंद केली. “जेवना व्हता का तो?” एवढंच विचारलं.

“पोटभर,” मी म्हणालो.

मग तिनं हंबरडा फोडला. शेजारपाजारचे जमले, भाऊबंद आले. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, नेमापासून वरणापर्यंत. ऐकणाऱ्यांपैकी दोघं मला मारायला उठले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. सोनाबाईनं स्वतःच पदरानं कुंकू पुसलं. तेवढ्यात दोन म्हाताऱ्या दगड घेऊन आल्या आणि तिचे हात धरून उंबऱ्याशी ओढायला लागल्या. बांगड्या फोडायच्या होत्या.

काकी मध्ये जाऊन बसली. “त्या राहू द्या.”

“कसं राहू देनं? नवरा गया तिना!” म्हातारी म्हणाली.

“गेला ना. त्याच्या नावानं बांगड्या फुटायच्या त्या फुटल्या. माह्या फुटल्या.” काकीनं आपली मोकळी मनगटं पुढं केली. “एका मान्सामागं दोघींच्या कायले?”

“आसं कोठे ऱ्हास का?” एक भाऊबंद खेकसला.

काकीनं माझी टोपी काढली. “हा पाहा. हा बी तुमचा कोनी नाही. पन यानं डोकं केलं, अग्नी देला, दहावं केलं, ते सगळं तुमच्या गणपतच्याच देहाले लागलं. का ते बी खोटं धरता? खोटं धरत असान तर उठा, कोन डोकं करते ते सांगा. मी न्हाव्याले बोलावते.”

भाऊबंदांनी आपापल्या डोक्यांवरून हात फिरवले. कोणी पुढं आलं नाही. एक जण हळूच म्हणाला, झालेलं कार्य दुसऱ्यांदा करू नये असं शास्त्र आहे.

“मंग बांगड्या बी तशाच,” काकी म्हणाली.

म्हातारीनं दगड खाली टाकला. भटजींना विचारून पाहू, असं ठरलं. भटजी लग्नासाठी परगावी गेले होते आणि वैशाख संपेपर्यंत यायचे नव्हते. सोनाबाईच्या हिरव्या बांगड्या हातात राहिल्या. काकी तिच्याजवळ तीन दिवस राहिली आणि त्या तीन दिवसांत, चौदा दिवसांत रडली नव्हती तेवढी रडली. मी अंगणात बसून लोकांच्या नजरा खात होतो.

परतताना चाळीसगावला गाडीला वेळ होता. काकी स्टेशनाबाहेर कासाराच्या दुकानात गेली, मनगटं पुढं करून बसली आणि दोन्ही हात भरून बांगड्या घातल्या. शेजारच्या दुकानातून कुंकवाची पुडी घेतली आणि स्वतःच्या बोटानं लावलं. कोणाच्या नावानं लावलं, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

दामूकाकाला तिनं तीन नंबरची खोली दिली. “घर तुमच्या भावाचं हे, मी काढणारी कोन,” म्हणाली. त्या खोलीत तो शेवटपर्यंत राहिला, संध्याकाळी ओट्यावर पेटी वाजवायचा आणि आमच्या पाटीवरचं गायन पहिल्यांदा खरं झालं. काकी सवाष्ण धरायची की नाही, यावर गावात वर्षभर खल चालला. मग पुढच्या वैशाखात एका लग्नघरी मांडे फाटायला लागले, वरात वेशीवर आली, आणि शास्त्र बाजूला ठेवून गाडी धावत आमच्या दारात आली. आबांनी मात्र नेम मोडला नाही. फक्त एवढं केलं, की आलेल्याच्या कपाळाला आधी हात लावून पाहायचं.

माझ्यासाठी नेम केला तो काकीनं, चाळीसगावहून येताना, गाडीत. मी आपला खिडकीशी बसून म्हणत होतो, की झालं ते एकंदरीत बरंच झालं म्हणायचं, नाही का काकी? ती बाहेरच्या कपाशीच्या मोकळ्या रानांवरून माझ्याकडं वळली. मग म्हणाली, “सुपडू, एक काम करजो. यापुढं तू कोनाले ओळखू नको.”

मी ते पाळलं. आजही जळगावच्या बाजारात कोणी हात धरून विचारतं, “काय सुपडूभाऊ, ओळखलं का?” मी साफ ‘नाही’ म्हणतो. सख्ख्या साडूला म्हटलंय, शाळासोबत्याला म्हटलंय, एकदा तर व्याह्याला म्हटलंय. लोक चिडतात. चिडू द्या. जिवंत तरी राहतात!